उन्हाळ्याची वाइन स्वस्तातलीच घ्या: स्पेन आणि अर्जेंटिनाच्या बाटल्यांची पहिली ओळख

न्यू जर्सीतला जुलै म्हणजे मुंबईचा मे, फक्त हापूस नसलेला. काही वर्षांपूर्वी अशाच एका चिकट संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मी ऐट करून ३८ डॉलरची स्पॅनिश रेड आणली. सहा वर्षांची, ओकच्या पिंपात मुरलेली, जाड काचेची बाटली. अंगणात बसून आम्ही ती प्यायलो आणि सगळ्यांचे चेहरे काढा घेतल्यासारखे झाले. वाइनचा काही दोष नव्हता. ती थंडीत, मटणाच्या ताटाशेजारी ठेवायची वस्तू होती. शेजारणीने सहज म्हणून आणलेली ११ डॉलरची गार व्हाइट मात्र भज्यांचा दुसरा घाणा निघायच्या आत संपली.

मी मूळची नाशिकची. द्राक्षं बघत मोठी झाले, पण वाइन शिकले ती इथे येऊन, दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरून. त्या फळीवर स्पेन आणि अर्जेंटिना शेजारी शेजारी असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने उन्हाळ्यात तिथूनच करावी असं माझं मत आहे, आणि त्यामागे केवळ काटकसर नाही.

वाइन महाग होते ती मुख्यतः लाकडामुळे आणि वेळेमुळे. ओकच्या नेहमीच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे ३०० बाटल्या. नव्या फ्रेंच पिंपाला शेकडो युरो पडतात, शिवाय वाइन तळघरात वर्षानुवर्षं ठेवायची म्हणजे पैसा अडकून पडतो. एवढं करून मिळतं काय? व्हॅनिलाचा, धुराचा, चामड्याचा वास, जडपणा, मुरलेपणा. पारा ३५ च्या वर असताना यातलं काहीच आपल्याला नको असतं. तेव्हा हवा असतो ताजेपणा, आंबटपणा आणि फळाचा स्वाद, आणि हे तिन्ही कोवळ्या, लाकूड न लागलेल्या, म्हणजेच स्वस्त वाइनमध्ये जास्त असतं. थोडक्यात, हिवाळ्यात स्वस्त वाइन ही तडजोड असेल, उन्हाळ्यात नाही.

हेच दोन देश का? द्राक्षाखालच्या जमिनीत स्पेनचा जगात पहिला नंबर लागतो, आणि त्यातला मोठा भाग आतल्या कोरड्या पठारावर आहे. तिथल्या गावांच्या नावाला फ्रान्सच्या बोर्दोसारखा भाव नाही. अर्जेंटिनात मेंदोसाच्या आसपास पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. मळे चालतात ते आंदीज पर्वतातल्या वितळलेल्या बर्फाच्या पाटपाण्यावर. हवा कोरडी असल्याने बुरशीचे रोग कमी, फवारण्या कमी. द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्यांना यातून किती पैसा वाचतो ते सांगायला नको.

दुकानात शिरल्यावर

बाटलीवरच्या चार गोष्टी बघायच्या, आणि पहिली म्हणजे साल. इथे थोडं गणित आहे. स्पेनमध्ये द्राक्षं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात खुडतात, अर्जेंटिनात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, कारण तिथले ऋतू उलटे. मेंदोसात सुगीचा राष्ट्रीय उत्सव मार्चच्या सुरुवातीला असतो तो याचमुळे. म्हणजे दोन्ही बाटल्यांवर एकच साल असलं तरी अर्जेंटिनाची वाइन सहा महिन्यांनी थोरली. उन्हाळ्यातल्या व्हाइट आणि गुलाबी वाइनसाठी माझा नियम साधा आहे: गेल्या वर्षीचं साल उत्तम, त्याच्या मागचं चालेल, त्याहून जुनं दिसलं तर बाटली परत फळीवर. स्वस्त व्हाइट साठवून चांगली होत नाही, फक्त शिळी होते. ‘जुनी तेवढी चांगली’ हे वाक्य लोणच्याला लावा.

दुसरं, अल्कोहोलचा आकडा. १२ ते १३ टक्के असेल तर दुपारच्या जेवणाला ठीक, साडेचौदा दिसला तर रात्रीसाठी ठेवा.

तिसरं, लाकडाचे शब्द. स्पॅनिश लेबलवर ‘रोब्ले’ म्हणजे ओक, ‘बार्रिका’ म्हणजे पिंप. ‘क्रियान्सा’, ‘रेसेर्वा’, ‘ग्रान रेसेर्वा’ या मुरवण्याच्या चढत्या पायऱ्या. रिओहा प्रांतातली क्रियान्सा रेड किमान दोन वर्षं मुरते, त्यातलं एक वर्ष पिंपात. उन्हाळ्यात शोधायचा शब्द ‘होवेन’, म्हणजे तरुण. रिओहाच्या बाटलीमागे छोटा शिक्का असतो, तो हिरवा असेल तर बहुधा अशीच कोवळी वाइन.

चौथी गोष्ट उच्चाराची. स्पॅनिशमध्ये ‘जे’ अक्षर म्हणजे ह, आणि जोडीने आलेले दोन ‘एल’ म्हणजे य. त्यामुळे इंग्रजी डोळ्यांना ‘व्हर्डेजो’ दिसतं ते पांढरं द्राक्ष असतं वेर्देहो. देवनागरीत स्पॅनिश किती नीटनेटकी बसते हे पाहून मला दरवेळी बरं वाटतं. इथले दुकानदार मात्र तिचा पार चोथा करतात. त्यामुळे तुम्ही काहीही म्हणालात तरी बाटली मिळते.

पहिली बाटली: वेर्देहो

शेजारणीची ती बाटली हीच. माद्रिदच्या वायव्येला रुएदा नावाचा भाग आहे, समुद्रसपाटीपासून ७०० ते ८०० मीटरवर. दिवसा भाजून निघतो, रात्री गार पडतो. द्राक्षाचा आंबटपणा टिकतो तो त्या गार रात्रींमुळे, म्हणून तिथे बरीचशी खुडणीसुद्धा रात्री, यंत्रांनी करतात. चव लिंबाची, ओल्या गवताची, किंचित बडीशेपेची आणि शेवटी जिभेवर हलका कडवटपणा. वाइन कधीच न प्यायलेल्या माणसाच्या हाती मी हीच देते, कारण हिला समजावून सांगावं लागत नाही. इथे १० ते १४ डॉलरला मिळते.

हिची थोडी महाग मावसबहीण म्हणजे स्पेनच्या वायव्य टोकाच्या गालिसियातली आल्बारिन्यो. रियास बायशास या अटलांटिककाठच्या पावसाळी भागात वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर, नाशिकच्या मांडवासारख्याच वर चढवतात, म्हणजे खालून वारा खेळतो आणि ओलाव्याने घड सडत नाहीत. पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मला मखमलाबादची आठवण आली. माशांसोबत हिच्यासारखी दुसरी नाही, पण पंधरा डॉलरच्या खाली क्वचितच सापडते. बास्क प्रदेशातली चाकोली कुठे दिसली तर एकदा घ्या. हलकी, जिभेला चुणचुणणारी, उंचावरून ओतायची, अल्कोहोल बहुतेकदा ११ टक्क्यांच्या आसपास.

तोर्रोन्तेस: नाकाला मोगरा, जिभेला लिंबू

अर्जेंटिना म्हटलं की सगळे माल्बेक ही तिथली लाल वाइन म्हणतात. उन्हाळ्यापुरतं ते विसरा आणि तोर्रोन्तेस ही व्हाइट मागा. हे द्राक्ष अर्जेंटिनाचंच: एका बाजूने सुगंधी मस्कट, दुसऱ्या बाजूने स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आणलेलं साधं लाल क्रिओया, या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून झालेलं. उत्तम पिकतं ते साल्ता प्रांतातल्या काफायातेला, सुमारे १७०० मीटरवर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. कळसूबाईच्या माथ्याहून उंच द्राक्षमळे डोळ्यांसमोर आणा: दुपारी डोक्यावर रणरणतं ऊन आणि रात्री स्वेटर.

पेला नाकाशी नेला की मोगऱ्याचा गजरा, संत्र्याची साल, लिची. एवढा गोड वास आला की जीभ सरबताची वाट बघते, आणि पहिला घोट निघतो कोरडा, गोडवा जवळजवळ नाहीच. नवख्या पाहुण्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, अत्तर छान आहे, पण साखर घालायची राहिली वाटतं.” दुसऱ्या पेल्याला तक्रार नव्हती.

हिच्या बाबतीत दोन पथ्यं. एक, ही कोमट होऊ देऊ नका, नाहीतर मोगऱ्याचा साबण होतो. दोन, अगदी ताज्या सालाची घ्या, कारण हिचा वासच आधी उडतो. सोबत कोथिंबीर वडी किंवा सुरळीची वडी ठेवा. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू या सगळ्यांशी हिचं जमतं.

बुडबुडे

शॅम्पेनच्या किमतीचा धसका घेतलेल्यांनी काव्हा ही फेसाळ स्पॅनिश वाइन घ्यावी. बार्सेलोनाजवळच्या पेनेदेस भागात, विशेषतः सान्त सादुर्नी द’आनोया या गावात, १८७२ पासून ती बनते. रीत शॅम्पेनचीच: बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची आणि फेस आतच कोंडायचा. साध्या काव्हालाही तळाच्या यीस्टवर कमीत कमी नऊ महिने राहावं लागतं. माकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा ही तिची तीन मूळची द्राक्षं. १० ते १५ डॉलरला एवढे कष्ट दुसऱ्या कुठल्या बाटलीत मिळत नाहीत.

इथे शब्दांचा सापळा आहे. ‘सेको’ म्हणजे कोरडी, असं शब्दकोश सांगेल. काव्हाच्या लेबलवर सेको म्हणजे लिटरमागे १७ ते ३२ ग्रॅम साखर, म्हणजे चांगलीच गोडसर! कोरडी हवी असेल तर ‘ब्रूत’ (१२ ग्रॅमपेक्षा कमी) किंवा ‘ब्रूत नातुरे’ (३ ग्रॅमपेक्षा कमी) बघा. मी उन्हाळ्यात ब्रूत नातुरेच घेते. तेलकट भज्यांनंतर ती तोंड लख्ख करते.

आणि ही बाटली फ्रीजरमध्ये टाकून फोनवर बोलत बसू नका. मी बसले होते. दोन किलो मटार, कुल्फीचे साचे आणि आईने पाठवलेलं पुरण काचेच्या चुऱ्यासकट टाकावं लागलं. उघडताना तार सोडवली की अंगठा बुचावरून हलवायचा नाही, आणि बूच धरून बाटली फिरवायची. आवाज हलक्या उसाशासारखा आला पाहिजे. फटाका वाजला तर निम्मा फेस जमिनीवर.

फीनो आणि मान्सानिया: अपवाद

मघाशी म्हटलं की मुरवलेली वाइन महाग असते. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात हा नियम मोडतो. हेरेसची फीनो आणि शेजारच्या सानलुकार दे बार्रामेदा या बंदरातली मान्सानिया, दोन्ही शेरी या तिथल्या कडक वाइनचे प्रकार, किमान दोन वर्षं पिंपात मुरतात आणि तरीही स्वस्त असतात. पिंप पूर्ण भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते, तिला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. ती साय हवा अडवते आणि खालची वाइन फिकट, ताजी राहते. जुन्या पिंपातली वाइन थोडी काढायची, तेवढीच त्याहून कोवळ्या पिंपातून भरायची, असा क्रम वर्षानुवर्षं चालू असतो. विरजणाची परंपरा असलेल्या घरात हे लगेच कळेल.

अल्कोहोल १५ टक्के, पेले लहान, आणि चव हाडासारखी कोरडी: भिजवून सोललेले बदाम, समुद्राचं मीठ, कच्ची कणीक. पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं, माझंही झालं होतं. म्हणून ही नुसती पिऊ नका. सानलुकारचे लोक ती कोळंबी आणि तळलेल्या मासळीबरोबर पितात. तुम्ही रव्यातला बोंबील तळा, मीठ लावलेले काजू काढा आणि बर्फगार मान्सानिया ओता. मग बोला. अर्ध्या मापाच्या बाटल्या मिळतात, त्याच घ्या, कारण उघडल्यावर फ्रीजमध्येही आठवडाभरात तिचा तजेला जातो. दुकानात ही धुळीत, उजेडात पडलेली दिसली तर घेऊ नका. खप असलेल्या दुकानातूनच आणा.

गुलाबी आणि लाल

उत्तर स्पेनमधल्या नाव्हार्राची गुलाबी, म्हणजे ‘रोसादो’, गार्नाचा या लाल द्राक्षाची. सालींसकट थोडा वेळ ठेवून रस सोडून घेतात, त्यामुळे रंग फिकट नसून कोकम सरबतासारखा गडद. अंग असलेली वाइन आहे, तंदुरी चिकनपुढेही टिकते. अर्जेंटिनातून माल्बेकची गुलाबी येते, तीही बरी.

लाल वाइन उन्हाळ्यात प्यायचीच नाही असं नाही, फक्त ती गार करून प्यायची. कांपो दे बोर्हा आणि कालातायुद या स्पेनच्या आरागॉनमधल्या भागांतली होवेन गार्नाचा, आणि अर्जेंटिनाची बोनार्दा या दोन्ही त्यासाठी. बोनार्दा मुळात फ्रान्समधल्या साव्हुआची, तिकडे जवळपास विस्मृतीत गेलेली. अर्जेंटिनात मात्र तिने लाल द्राक्षांत माल्बेकनंतरची जागा पटकावली. जांभळासारखी रसाळ, तुरटपणा कमी, म्हणून गार केली तरी कडू लागत नाही. तुरटपणा जास्त असलेली रेड गार केली की शाईसारखी लागते, हे लक्षात असू द्या. माल्बेकच हवी असेल तर लेबलवर ओकचा उल्लेख नसलेली सगळ्यात साधी घ्या.

गार किती आणि कशी

इथेच बहुतेक लोक चुकतात. काव्हा आणि फीनो ६ ते ९ अंश, व्हाइट आणि गुलाबी ८ ते १०, हलकी लाल १३ ते १५. थर्मामीटर नको. व्हाइटला फ्रीजमध्ये अडीच-तीन तास, लालला पाऊण ते एक तास.

पाहुणे दारात आणि बाटली कपाटात, अशी वेळ आली तर लहानपणीचा आइस्क्रीमचा लाकडी पॉट आठवा. बादलीत बर्फ, बर्फाइतकंच पाणी आणि मूठभर खडेमीठ. पाणी महत्त्वाचं, नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवाच राहते. पंधरा-वीस मिनिटांत व्हाइट तयार. पेले अर्धेच भरा, कारण बाहेर उन्हात पेल्यातली वाइन पाच-सात मिनिटांत तापायला लागते. आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी, उन्हात दारू लवकर चढते.

जेवणाबद्दल एकच सांगते. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, तुरट रेड तर त्यात तेल ओतते. तांबडा रस्सा असेल त्या दिवशी बाटली उघडू नका, सोलकढी प्या.

पुण्या-मुंबईतल्यांसाठी

भारतात परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क लागत आलंय, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे स्पेनमधली पाच युरोची बाटली पुण्यात पोचेपर्यंत स्वस्त म्हणायची सोय उरत नाही. (आपल्याकडच्या ‘वाइन शॉप’मध्ये वाइन हीच सगळ्यात मागच्या कपाटात असते, तो भाग वेगळा.) गोव्यात परदेशी बाटली सहसा कमी पैशांत पडते. एरवी मी माहेरी आले की सरळ नाशिकची शेनँ ब्लाँ ही व्हाइट घेते. आपली खुडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते, म्हणजे सालाचा हिशेब अर्जेंटिनासारखा लावायचा. वर सांगितलेले साल, लाकूड आणि गारव्याचे नियम तिलाही लागू आहेत.

उरलेल्या बाटलीचं काय

बूच लावून फ्रीजमध्ये, लालसुद्धा. व्हाइट तीन दिवस, लाल तीन-चार, काव्हाला खास चिमट्याचं झाकण नसेल तर दुसऱ्या दिवशी फेस गेलेला असेल.

चौथ्या दिवशीच्या गार्नाचाचं ‘तिन्तो दे वेरानो’ करा. नावाचा अर्थच उन्हाळ्याची लाल. स्पेनमध्ये घरोघरी सांग्रिआपेक्षा, म्हणजे फळं घातलेल्या वाइनपेक्षा, हेच पितात, सांग्रिआ बरीचशी पर्यटकांच्या वाट्याला जाते. उंच पेल्यात भरपूर बर्फ, निम्मी वाइन, निम्मी ‘गासेओसा’ म्हणजे किंचित गोड सोडा. तो नसेल तर साधा सोडा आणि स्प्राइट अर्धा-अर्धा, वर लिंबाची चकती. उरलेल्या मान्सानियाचं रेबुहितो होतं: एक भाग वाइन, दोन भाग लिंबाचं फेसाळ पेय, पुदिन्याची पानं. सेव्हियाच्या जत्रेत हेच चालतं.

वाइनमध्ये सोडा घातला म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला अर्जेंटिनात पाठवा. तिथे जेवणाच्या टेबलावर सोड्याचा सायफन ठेवायची जुनी चाल आहे, आणि साधी घरची वाइन पेंग्विनच्या आकाराच्या चिनी मातीच्या जगमधून, चोचीतून ओततात. तसला एक पेंग्विन मी जुन्या वस्तूंच्या बाजारातून चार डॉलरला आणला. एका डोळ्याचा रंग उडालाय, पण ओततो झकास.